शाफकोगलची मवाळ दारू

नोव्हेंबरात बायको बुर्गल गेली, तेव्हापासून विगिलच्या चुलीवर त्याचं स्वतःचं असं काही शिजलंच नव्हतं. गाव शिजू देत नव्हतं. आज कुणी जवाचं सूप आणून ठेवायचं, उद्या कुणी पालक भरलेल्या उकडलेल्या करंज्या, परवा पुन्हा सूप. भांडं परत करायला गेलं की लोक बसवून घ्यायचे, कॉफी पुढे करायचे आणि बुर्गल किती चांगली होती ते त्याला सांगायचे. त्याला, ज्यानं तिच्याबरोबर जन्म काढला होता. विगिल मान हलवायचा, कॉफी संपवायचा आणि उठताना दुसऱ्याच कुणाचं तरी भांडं हातात घेऊन घरी यायचा.

लोक चांगले होते. तक्रारीला जागाच नव्हती, हीच खरी पंचाईत होती.

त्यात जानेवारीत त्यानं एक घोळ करून ठेवला होता. एक दिवस कुणाला न सांगता तो स्की लावून रोटेक डोंगराच्या बाजूला गेला. वरच्या कुरणावर उन्हाळ्यात गुरं राखायची झोपडी आहे, तिच्या ओसरीवर बसला. नुसता बसला. पाव खाल्ला, डुलकी लागली, आणि उठला तेव्हा अंधार पडला होता आणि खालून दिव्यांची रांग वर येत होती. गावचं बचाव पथक. सगळ्यांत पुढे त्याचा प्रमुख, सुतार कॅसियन, ज्याला लहानपणी विगिलनंच स्की शिकवली होती. कॅसियननं विगिलच्या हातातला उरलेला पाव बघितला, तो घेतला आणि खाऊन टाकला, एवढंच.

त्या खोऱ्यात एक नियम आहे, तो कुठे लिहिलेला नाही. डोंगरावर जाताना कुठल्या डोंगरावर जातोय ते मागे एका माणसाला सांगून जायचं. विगिलनं तो मोडला होता. म्हणून शिक्षा अशी झाली की त्याच्या मुलीनं, आफ्रानं, त्याचे पट्टे जप्त केले. स्कीच्या तळाला चिकटवायचे ते केसाळ पट्टे. ते असले तर माणूस बर्फातून चढतो, नसले तर आहे तिथेच मागे घसरत राहतो. आफ्रा शेजारच्या गावात राहते, शाळेत गणित शिकवते. पट्टे तिनं आपल्या घरी नेऊन कपाटात ठेवले.

"कुणीतरी बरोबर असेल तेव्हा देईन," ती म्हणाली. "एकटा नाही जायचं, बाबा."

विगिल बरं म्हणाला. पण मार्च लागला तसा तो अस्वस्थ व्हायला लागला.

त्याचं कारण शाफकोगलवर होतं. शिखरावर लाकडी क्रूस आहे, त्याच्या पायाशी दगडांची रास आहे, आणि त्या राशीत बुर्गलनं ठेवलेली बाटली होती. दरवर्षी सप्टेंबरात गुरं कुरणावरून खाली आणायचा दिवस येई. विगिल गुरांबरोबर असे. बुर्गल त्या दिवशी घरच्या दारूची एक बाटली पिशवीत घालून पायी शाफकोगलवर जाई आणि दगडात लपवून येई. मग मार्चमध्ये संत जोसेफच्या दिवशी, एकोणीस तारखेला, दोघं स्की लावून वर जात, बाटली उकरून काढत, क्रूसाला पाठ टेकून पीत. दारू विगिलनंच गाळलेली, नासपती आणि सफरचंदाची, पाण्यासारखी स्वच्छ. खाली घरात तीच दारू घशात निखाऱ्यासारखी जाई. वर मात्र ती मवाळ व्हायची, आणि बाटलीत चक्क बर्फाचा चुरा तरंगायचा.

"असं का होतं गं?" त्यानं पहिल्यांदा विचारलं तेव्हा बुर्गल म्हणाली होती, "उंचीमुळे रे."

विगिलला ते पटलं. खानावळीत तो दरवर्षी छाती फुगवून सांगायचा की आमच्या शाफकोगलवर अशी थंडी असते की माझी दारूसुद्धा गोठते. कॅसियन म्हणायचा, काका, एवढी कडक दारू गोठत नसते, त्याला सैबेरिया लागेल. विगिल म्हणायचा, तू गेलायस का जोसेफच्या दिवशी वर? एका वर्षी त्यानं मुद्दाम बाटलीची जागा बदलायला सांगितली, क्रूसाच्या दक्षिण बाजूला, उन्हात. तरी बर्फ होताच. मग तर त्याची खात्रीच झाली.

गेल्या सप्टेंबरातही बुर्गल जाऊन आली होती. तेव्हा तिला नुसती धाप लागत होती, बाकी कुणालाच काही ठाऊक नव्हतं. संध्याकाळी तो गुरं बांधून घरात आला तर ती चुलीपाशी बसलेली, बाजूला चिंब बूट. "ठेवली," ती म्हणाली. बूट चुलीला इतके चिकटून का वाळत ठेवतेस, चामडं तडकेल, म्हणून तो तिच्यावर डाफरला. त्यानंतर ती डोंगरावर गेली नाही.

म्हणजे तिनं स्वतःच्या हातानं ठेवलेली शेवटची वस्तू त्या दगडात होती. ती त्याला एकट्याला काढायची होती. आफ्रा आली असती तर रडली असती. कॅसियननं खांद्यावर हात ठेवला असता. बुर्गलचा धाकटा भाऊ रोमेडी आला असता तर त्यानं बाटलीच रिकामी केली असती. विगिलला तासभर कुणाचं सांत्वन नको होतं, बस्स. आणि थांबायलाही वेळ नव्हता: जुना क्रूस कुजला होता, बर्फ वितळला की गावची तरुण मंडळी नवा उभारणार होती, दगडांची रास सगळी उपसणार होती.

डोंगराचा बेत सोपा होता. तो त्यानं स्वयंपाकघरात बसल्या बसल्या केला. पूर्वेच्या उतारानं जायचं. रात्र निरभ्र गेली की तिथला बर्फ पहाटे टणक असतो, मग उन्हानं वरचा बोटभर थर मऊ होतो, आणि तेव्हाच खाली यायचं, त्यानंतर थांबायचं नाही. पश्चिमेच्या घळीत वाऱ्यानं आणून टाकलेला बर्फ बसला होता, तिकडे फिरकायचंच नाही. हिमस्खलनाचा इशारा रोज संध्याकाळी येतो. तो त्यानं सलग आठवडाभर ऐकला.

अवघड होता तो माणसांचा बेत. जोसेफच्या दिवशी सगळ्या टिरोल प्रांताला सुट्टी. खोऱ्यातलं झाडून सगळं माणूस स्की लावून बाहेर पडतं. अशा दिवशी गुपचूप जायचं म्हणजे जत्रेतून बैल पळवण्यासारखं. आणि खोटं बोलायची विगिलला सवय नव्हती. घरात ते खातं बुर्गलकडे होतं.

तरी त्यानं सुरुवात केली. आधी आफ्रा. तिला फोन करून तो म्हणाला की जोसेफच्या दिवशी रोटेकवर जाऊ या का, दोघंच. ती इतकी खूश झाली की विगिलला फोन ठेवून द्यावासा वाटला.

"पट्टे मीच घेऊन येते," ती म्हणाली. "सहाला लाकूडगिरणीपाशी. आणि बाबा, गरम टोपी घाल. ती भोकवाली नको."

विगिलनं डोक्यावरच असलेली भोकवाली टोपी काढून खुंटीला लावली आणि हो म्हणाला.

मग कॅसियन. तो स्वतःच दारात आला होता, छपरावरचा बर्फ किती साठलाय ते बघण्याच्या मिषानं. विगिलनं त्याला हळूच सांगितलं की हॉर्नवर जायचा विचार आहे, पण आफ्राला कळू देऊ नकोस, तिला तो डोंगर आवडत नाही. कॅसियन म्हणाला, काका, मी येतो बरोबर, सहाला वरच्या चर्चपाशी. विगिल म्हणाला, मला वाटलंच होतं तू येशील. हे अगदी खरं होतं.

रोमेडीला गाठायला खानावळीत जावं लागलं. रोमेडीला काहीही मोठ्यानंच बोलता येतं, म्हणून विगिलनं त्याला बाहेर नेऊन सांगितलं, काल्टेनेक.

"दाजी, काल्टेनेक? या वयात?" रोमेडी म्हणाला. "तुम्ही पुढे चला, मी तुमच्या मागं पडणार नाही आणि तुम्ही पडलात तर उचलणार नाही. खायला काय आणू?"

"डुकराचं सुकं मांस आण. आणि कुणाला बोलू नकोस."

"माझ्या तोंडाला कुलूप," रोमेडी म्हणाला, आणि आत जाऊन बसला.

राहिली मेना. तिचं नाव फिलोमेना, पण तसं तिला फक्त पाद्री म्हणायचा. विगिलच्या समोरच्या घरात राहायची, खाली गावातलं एकुलतं एक दुकान चालवायची. वरच्या खिडकीत तिनं आपल्या नवऱ्याची शिकारीची दुर्बीण तिपाईवर बसवून ठेवली होती, नवरा जाऊन बारा-पंधरा वर्षं झाली तरी. चारी बाजूंच्या उतारांवर कोण गेलं, कधी गेलं, हे तिला त्या दुर्बिणीतून दिसे. बर्फातल्या नुसत्या खुणांवरून माणूस ओळखायची. ही वळणं कॅसियनची, बघ, डावीकडे नेहमी जरा जास्त रुंद. इथे पाद्री पडलाय. बुर्गलची ती मैत्रीण. विगिलला मात्र ती तपासनाक्यासारखी वाटे.

तिच्यासाठी त्यानं खास विचार करून थाप तयार केली. पाव घ्यायला गेला आणि गाल धरून उभा राहिला.

"दाढ," तो म्हणाला. "एकोणीस तारखेला सकाळीच लिएंझला जायचंय, डॉक्टरकडे. दिवस जाईल."

मेनानं पाव कागदात गुंडाळला. त्याच्याकडे जरा वेळ बघितलं.

"बिचारा," ती म्हणाली. "सूप पाठवते."

झालं सगळं. पण एक गोष्ट त्याला बोचत होती. तो नियम. तीन माणसांना तीन डोंगर सांगून झाले होते आणि चौथा, खरा, कुणालाच नाही. जानेवारीतली दिव्यांची रांग त्याच्या डोळ्यांपुढून जाईना. मग आदल्या दिवशी संध्याकाळी तो चर्चमागे गेला, बुर्गलच्या थडग्यावरच्या कंदिलात नवी मेणबत्ती लावली आणि इकडेतिकडे बघून हलक्या आवाजात म्हणाला, "शाफकोगल. पूर्वेकडून. अकराच्या आत खाली." नियमात सांगितलं पाहिजे एवढंच होतं. माणूस जिवंत पाहिजे असं कुणी म्हटलं नव्हतं.

पट्ट्यांचं काय, असं कुणी विचारलं असतं तर आफ्रा हसली असती. त्याचे पट्टे तिच्या कपाटात होते. पण बुर्गलचे नव्हते. बुर्गलच्या स्की गोठ्याशेजारच्या खोलीत जशा होत्या तशा उभ्या होत्या आणि पट्टे तिच्या जुन्या लोकरी मोज्यात गुंडाळून वर खुंटीला. गणिताच्या बाईंच्या हिशेबात एकच म्हातारा होता, त्यामुळे एकच जोडी. विगिलनं पेचकस घेतला, बुर्गलच्या स्कीवरची बुटाची पकड मागे सरकवून आपल्या बुटाएवढी केली. मोज्यातून पट्टे काढताना त्यांना तिच्या स्कीच्या मेणाचा वास येत होता. ती मेणात पाइनचा डिंक घालायची. तो थोडा वेळ मोजा हातात धरून तसाच उभा राहिला, मग मोजा खिशात घातला आणि निजायला गेला.

पहाटे तो मागच्या दारानं निघाला. मेनाच्या खिडकीत दिवा नव्हता. ओढ्याच्या कडेनं, कुंपणांच्या मागून, चोरासारखा गावाबाहेर पडला, आणि जंगल लागलं तेव्हा त्याला इतकं हलकं वाटलं की त्यानं शीळ घालायला सुरुवात केली. लगेच थांबवली. बुर्गलच्या स्की त्याला आखूड पडत होत्या, पण वळायला मोठ्या हलक्या. आपण एवढी वर्षं उगाच लांब लाकडं ओढत होतो असं त्याला वाटलं. त्यानं मनातल्या मनात तिघांना तिन्ही जागी उभं केलं: गिरणीपाशी आफ्रा, चर्चपाशी कॅसियन, काल्टेनेकच्या पायथ्याशी सुकं मांस घेऊन रोमेडी. लाज वाटायला हवी होती. थोडी वाटलीही. पण हसूही येत होतं.

दाट जंगल संपलं, तांबडं फुटलं, आणि विगिल जागच्या जागी उभा राहिला.

समोर वर जाणारी वाट पडलेली होती. ताजी. स्कीच्या दोन रेघा, कडा अजून ढासळल्या नव्हत्या.

पहिल्यांदा त्याला राग आला. सगळे डोंगर मोकळे सोडून कुणाला नेमकं इथेच तडफडायचं होतं? मग त्यानं ती वाट नीट बघितली आणि राग गळून पडला. गावातली पोरं नाकासमोर चढतात, उभ्याच्या उभी. ही वाट तशी नव्हती. लांब, सपाट, आरामात वळसे घेत गेली होती, आणि प्रत्येक वळण एकेका लार्चच्या झाडाखाली, जिथे माणसाला टेकून श्वास घेता येतो. असं एकच माणूस चढायचं. तो तिला चिडवायचा, ही काय गाईंची वाट काढतेयस? ती म्हणायची, गाई कधी धापा टाकत नाहीत.

विगिल भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नव्हता. पण त्याच्या पायांत बुर्गलच्या स्की होत्या आणि त्या आपणहून त्या रेघांत जाऊन बसल्या. त्यानं जास्त विचार केला नाही. झाड आलं की टेकायचा, पुन्हा निघायचा. झाडं संपल्यावर वाट मोठ्या खडकांच्या आडोशानं गेली, तिथेही तशीच. डोंगराच्या शेवटच्या खांद्यावर तो कुठे टेकायलाही थांबला नाही. वर क्रूस दिसला. क्रूसाला पाठ टेकून कुणीतरी बसलं होतं.

"दाढ कशी आहे?" मेनानं विचारलं.

विगिल काठ्यांवर ओणवा होऊन श्वास घेत राहिला.

"तू इथे काय करतेयस?" तो म्हणाला.

"बस आधी. मेलास तर मला एकटीला खाली न्यावं लागेल." तिनं बाजूला सरकून जागा केली. "जोसेफच्या दिवशी कुठला दातांचा डॉक्टर दुकान उघडून बसतो रे? तेवढ्यावरूनच कळलं की काहीतरी शिजतंय. मग आफ्रा अंडी न्यायला आली, म्हणाली बाबा रोटेकवर नेतोय. कॅसियन खिळे न्यायला आला, त्याला हॉर्न. रोमेडीनं तर खानावळीच्या दारातूनच रस्त्यावर सांगितलं. दाढेच्या माणसानं तीन डोंगर वाटले आणि शाफकोगलचं नाव कुणाजवळ नाही. म्हटलं, हाच."

"त्यांना सांगितलंस?"

"मी कशाला सांगू? मला सुट्टी होती." मग ती जरा गंभीर झाली. "पण तू खरं कुणाला सांगून आलायस? की परत तेच?"

"सांगितलंय," विगिल म्हणाला. "बुर्गलला."

मेनानं डोळे मिटले आणि मान हलवली. "तरीच," ती म्हणाली. "माझ्याकडे उशिरा पोचलं."

विगिलला हसायचं नव्हतं. त्याला एकट्यानं यायचं होतं आणि इथे ही बसली होती, आख्ख्या गावातली सगळ्यांत चौकस बाई. तो पाठ फिरवून दगडांच्या राशीशी गेला, गुडघ्यांवर बसला आणि एकेक दगड बाजूला करायला लागला. बाटली मिळाली. बुचावर बुर्गलची निळी दोरी, एप्रनची, तिच्या नेहमीच्या दुहेरी गाठीनं बांधलेली. त्यानं ती दातांनी न तोडता नखांनी सोडवली, खिशात मोज्याजवळ ठेवली, आणि बाटली उजेडाकडे धरून हलवली.

आत बर्फ नव्हता.

त्यानं पुन्हा हलवली. नुसती दारू. एक घोट घेतला आणि खोकला. निखारा. अगदी खाली घरात लागते तशीच.

"ही आमची नाही," तो म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला. "कुणीतरी बदललीय, मेना. गोठलेली नाही, मवाळ नाही. बुर्गलनं ठेवलेली ही नव्हे."

मेनानं आपल्या शेजारचा बर्फ हातानं झटकला.

"बस," ती म्हणाली. "आता मी सांगते ते ऐक आणि मधे ओरडू नकोस. दर सप्टेंबरात बुर्गल एकटी येत नव्हती. आम्ही दोघी यायचो. तू गुरांमागे, माझा नवरा होता तोवर तोही गुरांमागे, मग काय. इथे बसायचो, तुमची निंदा करायचो आणि अर्धी बाटली संपवायचो. मग खालच्या तळ्यातलं पाणी भरून बाटली होती तशी दगडात."

विगिलनं बाटली पुन्हा उजेडात धरली.

"पाणी," तो म्हणाला.

"पाणीच गोठायचं. तुझी दारू कसली गोठते."

"दरवर्षी?"

"दरवर्षी. ज्या वर्षी तू ती दक्षिण बाजूला ठेवायला सांगितलीस ना, त्या वर्षी आम्ही हसून हसून इथून गडगडायच्या बाकी होतो."

खानावळीतली सगळी वर्षं विगिलच्या डोळ्यांपुढून गेली. फुगवलेली छाती, टेबलावर आपटलेला हात, कॅसियनचा सैबेरिया. त्याचे कान तापले. पण त्या सगळ्याच्या मागे दुसरी एक गोष्ट हळूहळू त्याच्या ध्यानात येत होती.

"मग या वर्षी पाणी का नाही?"

मेनानं हातमोजे काढले आणि पुन्हा घातले.

"या वर्षी मी एकटी आले," ती म्हणाली. "तिला जमण्यासारखं नव्हतं. तळ्यापर्यंतसुद्धा नाही. बाटली तिनं भरली, दोरी तिनं बांधली, ती गाठ तिचीच आहे. मी फक्त वर आणली. एकटीनं प्यायला मन झालं नाही, म्हणून तशीच ठेवली."

"ती म्हणाली, ठेवली म्हणून. बूट ओले होते तिचे."

"हौदात बुडवलेले," मेना म्हणाली. "माझ्या डोळ्यांदेखत. अंगणातल्या हौदात, आधी एक, मग दुसरा. म्हणाली, कोरडे बूट बघितले तर विगिल विचारत बसेल."

विगिल क्रूसाशी बसला. म्हणजे तिच्या हातानं इथे ठेवलेलं असं काही नव्हतंच. ज्याच्यासाठी त्यानं पोटच्या मुलीला गिरणीपाशी उभं केलं होतं, ते मेनानं आणून टाकलं होतं, दुकानातल्या पिठाच्या पोत्यासारखं. आणि त्याच वेळी त्याला बुर्गल दिसली, हौदाशी वाकलेली, धाप लागलेली, बूट हातानं पाण्यात दाबून धरलेली, तोंडावर ते एक हसू, ज्यावरून त्याला कधीच काही ओळखता आलं नव्हतं. आणि मग तो स्वतः, आत येऊन तिला चामडं तडकेल म्हणून सांगणारा.

तो हसायला लागला. आधी नाकातून, मग सगळ्या अंगानं. क्रूसावर बसलेले पिवळ्या चोचीचे डोंगरकावळे उडाले. मेनाही हसत होती आणि हातमोज्यानं डोळे पुसत होती. चार महिने लोक त्याला बुर्गलबद्दल सांगत होते आणि त्यातली एकही गोष्ट त्याला नवी नव्हती. ही नवी होती. ही त्याला काल ठाऊक नव्हती.

"अजून आहे का असलं काही?" त्यानं विचारलं.

"भरपूर," मेना म्हणाली. "एका दिवसात सगळं नाही सांगणार."

मग दोघांनी पिऊन टाकली; सगळी नाही, साधारण निम्मी, पूर्वी जेवढी संपायची तेवढी. मेनानं त्याला ठासून सांगितलं की तशी वाट काढायला मी बुर्गलकडून शिकले नाही, बुर्गलच माझ्याकडून शिकली. विगिलनं ते मानलं नाही. वाद चांगला रंगला होता, तेवढ्यात मेनानं खाली बोट दाखवलं.

डोंगराच्या खांद्याखाली तीन ठिपके. पुढचा झपाझप येत होता, वाकडीतिकडी वळणं तोडून नाकासमोर. मधला त्याच्या पाठोपाठ. तिसरा फार मागे, दर थोड्या वेळानं थांबत होता, बहुधा खात होता.

"आले," विगिल म्हणाला. त्याचा चेहरा शाळेतल्या पोरासारखा झाला. मग त्यानं हातातली बाटली बघितली. मेनानंही बघितली. विगिलनं हातमोजा काढला, खडकामागचा स्वच्छ बर्फ चिमटीनं उचलला आणि बाटलीच्या तोंडातून आत ढकलायला लागला. मेना दुसऱ्या बाजूनं मूठभर मूठभर आणून देत होती. थोडा विरघळला, थोडा चुऱ्यासारखा वर तरंगत राहिला. बाटली गळ्यापर्यंत भरली. विगिलनं खिशातून निळी दोरी काढली, बुचावर गुंडाळली. ती गाठ काही त्याला जमली नाही, म्हणून साधीच मारली. बाटली दगडांत गेली, दगड वर आले, दोघं हात झटकून पुन्हा क्रूसाशी बसली.

कॅसियन वर आला तेव्हा त्याच्या भुवयांवर दहिवर जमलं होतं. त्यानं आधी मेनाकडे बघितलं, मग विगिलकडे.

"तीन टोकांना तीन माणसं, काका," तो म्हणाला. "मी चर्चपाशी उभा, आफ्रा गिरणीपाशी रडवेली. नशीब, रोमेडीला आम्हाला फोन करायची बुद्धी झाली; तीन डोंगर वजा केले, उरला हा. मधल्या वेळात मी पथकातल्या दोघांना हॉर्नच्या घळीत उतरवलं असतं तर? तुम्हाला शोधायला?"

"चुकलं," विगिल म्हणाला, आणि ते त्याला मनापासून वाटत होतं.

आफ्रा आली. तिच्या गळ्यात त्याचे पट्टे पदरासारखे लटकत होते. तिनं बापाशेजारी बर्फात रोवलेल्या स्की पाहिल्या, कुणाच्या ते ओळखलं. त्याच्या शेजारी बसली. तो सरकला. ती रडली नाही, त्याच्या डोक्यावरची भोकवाली टोपी तेवढी काढून आपल्या खिशात घातली आणि आपली त्याला घातली.

"पुढच्या वेळी मला खरा डोंगर सांग," ती म्हणाली.

"सांगतो," विगिल म्हणाला. "पण तू मागे राहायचंस."

"बघू."

रोमेडी सगळ्यांत शेवटी पोचला, मांस निम्मं संपवून. तो काही बोलायच्या आत विगिल उठला, गुडघ्यांवर बसला, दगड बाजूला केले आणि बाटली बाहेर काढली. आईनं ठेवलेली, असं आफ्रा पुटपुटली. कॅसियननं टोपी काढली. विगिलनं बाटली त्याच्या हातात दिली आणि आधी तू घे, म्हणाला.

कॅसियननं बाटली उजेडात धरली. आत बर्फाचा चुरा हळूहळू फिरत होता. त्यानं एक घोट घेतला, थोडा वेळ तोंडातच धरला, गिळला. मग त्यानं बाटलीकडे बघितलं, क्रूसाकडे बघितलं, वर आभाळाकडेही बघितलं.

"मवाळ आहे," तो शेवटी म्हणाला. "आणि खरंच गोठलीय. काका, एवढी वर्षं मी उगाच वाद घातला तुमच्याशी."

मेना खाली वाकून बुटाची बकलं घट्ट करत होती. ती आधीच घट्ट होती.

"उंचीमुळे," विगिल म्हणाला.